गुहागरचे कौलारू घर: छप्पर दुरुस्त करावे की बदलावे?

प्रश्न
गुहागर तालुक्यात आमचे चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे वडिलोपार्जित घर आहे. यंदा माजघरात दोन ठिकाणी गळती लागली. सुताराच्या मते सगळे लाकूड काढून लोखंडी सांगाड्यावर पत्रे घालावेत, भावाला स्लॅब हवा आहे, आणि आई कौलांचा आग्रह सोडत नाही. निर्णय कशावरून घ्यावा?

प्रतिसाद १
निर्णय कौलांवरून नव्हे, लाकडावरून घ्यावा. फुटके कौल बदलता येते आणि सरकलेले बसवता येते. शिवाय पाणी रिपांवरून (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून) आणि वाशांवरून (रिपा पेलणाऱ्या उतरत्या लाकडांवरून) घरंगळत येत असल्याने ते जेथे टपकते त्याच्या बऱ्याच वर दोष असू शकतो. वाशांची भिंतीवर टेकलेली टोके आणि वळचणीची बाजू टोकदार पेचकसाने टोचून पाहा; पेचकस सहज आत गेला, तर तो वासा कामातून गेला असे समजावे. भिंतीवरून लाकडाकडे चढलेल्या मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली की बाक लगेच कळतो. आढे सरळ असून मोजकेच वासे कुजले असतील, तर तेवढेच बदलावेत; सगळे उतरवण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद २
स्लॅबचा विचार कृपया अभियंत्याला भिंती दाखवल्याशिवाय करू नये. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलो भरते, कौलांचे त्याच्या पाव भागाहूनही कमी. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर हा भार टाकणे मला धोक्याचे वाटते. त्यासाठी स्वतंत्र खांब आणि पाया लागेल, म्हणजे ते नवे घरच झाले.

प्रतिसाद ३
लाकूड खरोखरच गेले असेल, तर लोखंडी सांगाड्यावर पुन्हा कौलेच घालता येतात. आईंचा आग्रह रास्त आहे, कारण पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही. मात्र खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते, म्हणून गंजरोधक रंगात कसर करू नये. वानरांचा उपद्रव असेल, तर कौलांखाली पत्रा घालण्याचा खर्च सोसावा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धनकडे कौले आणि पत्रे दोन्ही उडाले, तेव्हा काहीही घातले तरी कडेच्या ओळी पक्क्या बांधून घ्याव्यात. आणखी एक गोष्ट गवंड्याला आधीच सांगावी: निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, त्यामुळे जुनी धड कौले एका पाख्यावर (छपराच्या एका उतारावर) आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घालावीत.