अनुभव धागा: नर्सिंगचं पुस्तक आणि वॉर्ड

बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर आता मी शिकवते. दर बॅचमधून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे सगळं खरंच वापरतात का?" या प्रश्नाला माझ्या एकटीचं उत्तर पुरत नाही, म्हणून हा धागा. शिकलेलं आणि प्रत्यक्ष केलेलं कधी जुळलं, कधी एकमेकांवर आदळलं, ते प्रसंगासकट लिहा. सुरुवात मीच करते.

नवी स्टाफ होते. एका आजोबांना रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, टाकली. सिनियर सिस्टर म्हणाल्या, "हवा सोड, पोटावर स्टेथो ठेव, आवाज आला की फीड दे," म्हणजे नळीतून पातळ अन्न. आवाज आला. पण आजोबांचा खोकला थांबेना आणि सिरिंज ओढली तर एक थेंबही येईना. जठरातला द्रव ओढून त्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ किंवा कमी आहे का पाहायचं, शंका आली तर एक्स-रे काढायचा, हे मला पाठ होतं. फीडची सिरिंज हातात भरलेली होती. ती खाली ठेवून मी डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रेत नळी उजव्या श्वासनलिकेत निघाली. हवेचा आवाज फुफ्फुसातूनही पोटापर्यंत ऐकू येतो, म्हणूनच ती पद्धत भरवशाची नाही. सिस्टर बराच वेळ फिल्मकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पीएच पट्ट्यांचा डबा त्यांनी स्वतः ट्रॉलीवर आणून ठेवला. त्या आधी चुकत होत्या, असं मला आजही म्हणवत नाही. त्यांना शिकवलंच तसं गेलं होतं.

आयसीयू, अकरा वर्षं

माझा अनुभव उलटा आहे. ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये मी सांगितलं, "बेड चार स्टेबल, श्वसन १८." आमच्या इनचार्ज सिस्टर पेशंटकडे बघून म्हणाल्या, "मला हा बरा वाटत नाहीये." त्यांनी मनगट धरलं. आधी नाडी मोजली आणि मग हात तसाच ठेवून, नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळा श्वास घेतो, म्हणून ही युक्ती. आकडा निघाला २८. मी लिहिलेला १८ हा मागच्या ड्युटीच्या तक्त्यावरून अंदाजाने उचललेला होता. ही युक्ती पुस्तकात आहे, मी परीक्षेत लिहिलीही होती. तरी ती मला त्या दिवशी त्या हाताकडे बघून कळली.

नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. अनुभवी नर्सला आधी पूर्ण चित्र दिसतं आणि तपशील ती मागाहून जुळवते, असं त्या सांगतात. आमच्या सिस्टरांनी त्यांचं नावही ऐकलं नसेल. पण बेनर यांनी तो सिद्धांत उभा केला तो अशाच सिस्टरांशी बोलून, त्यांचे प्रसंग ऐकून.

मेडिकल वॉर्ड, नाईट ड्युटी

वरचं सगळं पटतं, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. पडून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची असं शिकलो. रात्री आम्ही दोघी आणि पेशंट चाळीस. तक्त्यावर 'केलं' अशा खुणा पडायच्या, पेशंट मात्र तसाच. पहिल्या नोकरीत मी यासाठी रडले आहे. शिकलेली मूल्यं आणि खरी नोकरी यांच्या या टकरीला नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली 'रिअॅलिटी शॉक' हे नाव दिलं. ते वाचल्यावर कळलं की कमी पडणारी मी एकटी नव्हते.

मग मार्गही पुस्तकातच सापडला. बेडसोरचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलवर ६ ते २३ गुण असतात. गुण जितके कमी तितका धोका जास्त. ड्युटी सुरू होताच गुण काढायचे, सगळ्यात कमी गुण असलेल्यांची कूस आधी आणि नेमाने बदलायची, टाचा उशीने अधांतरी ठेवायच्या. लाल झालेली जागा चोळणं बंद केलं, त्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. चाळीस जण आजही आमच्या आवाक्याबाहेरच आहेत. जास्त माणसं मागताना मात्र आता हातात गुणांचा कागद असतो.

सर्जिकल वॉर्ड

रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटं बेडजवळून हलायचं नाही. एकदा थांबले होते म्हणूनच पेशंटच्या अंगावर उठलेला काटा आणि कमरेतली कळ, म्हणजे रक्त सोसत नसल्याची लक्षणं, वेळेत कळली, रक्त तिथल्या तिथे बंद केलं. इतकंच सांगायचं होतं.

घरी जाऊन सेवा देणारी

नर्सिंगच्या अभ्यासक डोरोथिया ओरेम यांचा सेल्फ-केअर (स्वतःची काळजी स्वतः घेण्याचा) सिद्धांत मी गुणांसाठी पाठ केला होता. एका मावशींना इन्शुलिन घ्यायला शिकवलं, त्या प्रत्येक पायरीला मान हलवत होत्या. निघताना म्हटलं, "मावशी, एकदा करून दाखवा ना." त्यांनी सिरिंज खिडकीपाशी नेली, डोळे बारीक केले आणि अंगठ्याच्या अंदाजाने औषध ओढलं. सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसतच नव्हत्या! रुग्ण स्वतःचं किती करू शकतो आणि कुठे अडतो ते आधी बघा, असं ओरेम सांगतात. मी थेट शिकवायलाच बसले होते. पुढच्या भेटीला डोस मोजायला डायल असलेलं पेन नेलं. एकेक युनिटला टिक वाजते, ती ऐकून त्या मोजतात.

विद्यार्थिनी, दुसरं वर्ष

माझं पोस्टिंग चालू आहे. काल एक पायरी गाळलेली पाहिली आणि गप्प बसले. मोठ्यांना कसं सांगायचं?

धागाकर्ती

बाळा, चूक दाखवायला जाऊ नकोस, काम मागून घे. "सिस्टर, मी पीएच पट्टीने तपासू का? मला सराव हवाय," असं म्हण. यावर मला सहसा कुणी नाही म्हटलेलं नाही. पण फीड सुरू होणार असेल आणि शंका असेल, तर सरळ "सिस्टर, थांबा" म्हण.