मदत हवी आहे: कार-टीच्या चाचणीत नाव कसं लावायचं? (इंदूर)

पराग_सुदामानगर: मामेभावाला ब्लड कॅन्सर आहे, परत उलटलाय. इथले डॉक्टर म्हणतात नुसत्या केमोने भागणार नाही. मुंबईत आयआयटीवाल्यांची कार-टी (रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार) निघाली आहे, तिच्या चाचणीत नाव कुठे लावायचं? लवकर सांगा, प्लीज.

सुलभाताई: कोणता ब्लड कॅन्सर? वय किती?

माळवा७२: चाचणी कसली? आयआयटीची ती कार-टी म्हणजे नेक्सकार१९, तिला ऑक्टोबर २०२३मध्येच मंजुरी मिळाली. माझ्या साडूंना लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) दिली. सडकून ताप आला, बीपी उतरलं, ती रिअॅक्शन उतरवायला टोसिलिझुमॅब हे औषध द्यावं लागलं. आज ठणठणीत आहेत. वेळ घालवू नका, सरळ मुंबई गाठा.

पराग_सुदामानगर: वय २४. एएलएल, म्हणजे वेगाने वाढणारा ब्लड कॅन्सर. रिपोर्टवर 'टी' लिहिलंय. त्याने काही फरक पडतो का?

विदुला_रक्तविकार: फार पडतो. नेक्सकार१९ सीडी१९ हे प्रथिन असलेल्या पेशी मारते. ते बी पेशींवर (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतं; टी-एएलएल हा टी पेशींचा कॅन्सर, त्यात नाही. तिथे सीडी७ ह्या दुसऱ्या प्रथिनावर चाचण्या चालू आहेत. पण सीडी७ निरोगी टी पेशींवरही असतं, त्यामुळे तयार केलेल्या पेशी आपसातच एकमेकींना मारतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने २०२२मध्ये दात्याच्या पेशींतलं सीडी७ बेस एडिटिंगने (जनुकातलं अक्षर बदलून) बंद करून त्या दिल्या, आणि पाठोपाठ बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं. भारतातल्या चाचण्या सीटीआरआयच्या (चाचण्यांची सरकारी नोंदणी) साइटवर शोधा. फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवर कोणती प्रथिनं आहेत ते दाखवणारा) रिपोर्ट आहे का? नेलाराबिन (टी-एएलएलवरचं केमोचं औषध) दिलंय? ट्रान्सप्लांट झालंय?

माळवा७२: म्हणजे साडूंना गुण आला तो खोटा?

विदुला_रक्तविकार: खोटा कसा असेल? त्यांचा आजार बी पेशींचा असणार. ह्या मुलाचा वेगळा आहे.

अरविंदकाका: गुळवेलीचा काढा सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढते.

विदुला_रक्तविकार: काका, कृपा करून नको. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण आहेत. लिव्हर बिघडलं तर चाचणीत घेणारच नाहीत.

शुभांगी_रामबाग: अवंतिका एक्सप्रेसचं मुंबईचं तिकीट आधी काढा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती.

पराग_सुदामानगर: ट्रान्सप्लांट नाही, नेलाराबिन नाही. फ्लोचा रिपोर्ट लॅबकडून मागवतो. एक जण चाचणीत घुसवून देतो म्हणून पैसे मागतोय, देऊ का?

विदुला_रक्तविकार: एक रुपयाही देऊ नका. प्रवेश पैशाने मिळत नाही, निकषांवर मिळतो. फ्लोबरोबरच सख्ख्या भावंडांचं एचएलए टायपिंग (ट्रान्सप्लांटसाठी दाता जुळतो का ती तपासणी) करून घ्या. अर्धं जुळलं तरी हॅप्लो ट्रान्सप्लांट होऊ शकतं.

पराग_सुदामानगर: बहीण आहे, पण सहावा महिना चालू आहे तिला. चालेल?

विदुला_रक्तविकार: हे आधी सांगायला हवं होतं. टायपिंग चालेल, सध्या दान नाही. आई-वडिलांचंही उद्याच करा.