बारावीनंतर पदवीला प्रवेश घ्यावा की नाही? (चोपडा तालुका, विज्ञान शाखा)

तापीकाठची यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. यंदा विज्ञान शाखेतून 64 टक्के गुण मिळवून बारावी उत्तीर्ण झाले. जीवशास्त्र गटातून एमएचटी-सीईटी ही व्यावसायिक अभ्यासक्रमांची राज्य प्रवेश परीक्षाही दिली होती, परंतु तिथे 58 पर्सेंटाइलच मिळाले. वडिलांची चार एकर जमीन आहे. अडीच एकरात कापूस आणि उरलेल्या जागेत केळी असते. मागील वर्षी मे महिन्यातील वादळात कापणीला आलेली बाग आडवी झाली आणि त्या हंगामाचे पीककर्ज अद्याप फिटलेले नाही. धाकटा भाऊ नववीत आहे.

घरात माझ्या पुढील शिक्षणाविषयी एकमत नाही. वडील म्हणतात की शीक, पण घरून जाऊन-येऊन जमेल तेवढेच. काकांचे म्हणणे असे की तीन वर्षांनी लग्नच करायचे आहे, तर गावातल्या सेवा केंद्रावर सहा हजार रुपये महिन्याचे काम मिळते आहे ते धरावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या माझ्या चुलत बहिणीने बी.ए. केले आहे. तिने सांगितले की पदवीमुळे सासरी मान मिळाला, पण त्या पदवीने एका दिवसाचेही काम मिळवून दिले नाही. तिचे हे बोलणे माझ्या मनातून जात नाही.

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत होता. यापुढे तो विकत घ्यावा लागेल. शिवाय पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि कापसाची वेचणी साधारण एकाच वेळी येतात, आणि त्या दिवसांत आईला माझा हात लागतोच. मला मनापासून आवडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक. ब्युरेटमधील एका थेंबाने द्रावणाचा रंग पालटतो तो क्षण पाहण्यासाठी मी प्रयोगशाळेत सर्वांत शेवटपर्यंत थांबत असे. परंतु केवळ आवडीसाठी घरावर खर्च टाकावा का, हे मला ठरवता येत नाही. चोपड्यात बी.एस्सी. करावे, अन्य काही शिकावे, की काम धरावे? अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अमळनेरकर यांचे उत्तर:

मी तीस वर्षांहून अधिक काळ पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नातील शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. प्रयोगशाळेत शेवटपर्यंत थांबणारे विद्यार्थी मी दर वर्षी मोजून दोन-तीनच पाहिले आहेत, आणि गुणपत्रिकेवरून ते कधीही ओळखता आले नाहीत. म्हणून 64 टक्क्यांवरून स्वतःला कमी लेखू नका.

तरीही केवळ आवड आहे म्हणून बी.एस्सी.ला प्रवेश घ्या, असे मी म्हणणार नाही. नुसत्या बी.एस्सी. पदवीवर आपल्या भागात थेट काम क्वचितच मिळते. ती पदवी म्हणजे पुढच्या पायरीचा पाया आहे: त्यानंतर एम.एस्सी. किंवा बी.एड. करायचे, अथवा स्पर्धा परीक्षांना बसायचे. ही पुढची दोन-तीन वर्षे घर सोसू शकेल का, हा विचार आजच झाला पाहिजे, कारण तीन वर्षांनी तो विचार करणाऱ्यांची फार ओढाताण होते. तुमच्या चुलत बहिणीच्या बाबतीत बहुधा असेच झाले असावे. पदवी पूर्ण झाली आणि तिच्यापुढची पायरी कोणी ठरवलेलीच नव्हती.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2024-25 पासून आपल्या संलग्न महाविद्यालयांतही पदवीची रचना बदलली आहे. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. मधेच बाहेर पडणाऱ्याला काही जादा श्रेयांक (क्रेडिट) मात्र मिळवावे लागतात. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत जमा राहतात. घरात अडचण आली तर शिक्षण खंडित होऊनही वाया जाणार नाही, एवढा आधार या रचनेत निश्चित आहे. पण एका वर्षाच्या प्रमाणपत्राला रोजगाराच्या बाजारात किंमत मिळेल असे गृहीत धरून प्रवेश घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. जीवशास्त्र गटातून सीईटी दिलेली असल्याने तुम्ही बी.फार्म.साठी अर्ज करू शकता आणि चोपडा व शिरपूर या दोन्ही ठिकाणी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पूर्वी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात निम्मी सवलत होती. 2024-25 पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. प्रवेश केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप फेरीतूनच झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांवर, प्रवेश घेतला तर ही सवलत लागू होत नाही. आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्कापुरती आहे. बसभाडे, पुस्तके किंवा वसतिगृहाचा खर्च तिच्यात येत नाही. काकांच्या मनात जो मोठा आकडा असेल, तो कदाचित या माफीपूर्वीचा असेल. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवावा.

58 पर्सेंटाइलवर हवे ते महाविद्यालय पहिल्या फेरीत मिळेलच असे नाही. पर्यायांचा अर्ज भरताना घराजवळच्या महाविद्यालयांचा क्रम विचारपूर्वक लावा आणि पुढच्या फेऱ्यांपर्यंत धीर धरा.

शहादा मेडिकल यांचे उत्तर:

सरांच्या उत्तरात एक पर्याय राहिला आहे, तो मी लिहितो, कारण मी स्वतः त्याच मार्गाने आलो. डी.फार्म. ही दोन वर्षांची पदविका आहे. ती विद्यापीठाची नसून महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची असते, आणि तिच्या प्रवेशासाठी सीईटी लागत नाही. बारावीचे गुण पाहिले जातात. दोन वर्षांच्या अभ्यासानंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. आता त्यापुढे एक्झिट परीक्षाही आहे. ती उत्तीर्ण झाल्यावर फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते आणि स्वतःचे औषध दुकान चालवता येते. पुढे शिकावेसे वाटले तर डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. घरची ओढाताण असेल त्यांनी या मार्गाचा अवश्य विचार करावा.

एक इशारा मात्र कळकळीने देतो. पदविका हातात आली की कोणीतरी येईल आणि म्हणेल, तुमचे सर्टिफिकेट आमच्या दुकानाला लावू द्या, तुम्ही घरी बसा, महिन्याला ठराविक रक्कम पोहोचती करू. मुलींना हे विशेष विचारले जाते, कारण लग्नानंतर ती घरीच राहणार असे समोरचा धरून चालतो. 1948 च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. तुमच्या नावाचा कागद भिंतीवर लटकलेला असेल आणि काउंटरवर दुसराच कोणी चुकीची गोळी देत असेल, तर रुग्णाचा जीव तुमच्या नावावर धोक्यात येतो. बेटा, शिकलीस तर काउंटरमागे स्वतः उभी राहा. आमच्या भागात दूरच्या पाड्यांवरून माणसे येतात, चिठ्ठी वाचता येत नाही, गोळी जेवणाआधी की नंतर हे त्यांना तीनदा समजावून सांगावे लागते. त्या कामाचे समाधान फार मोठे आहे.

एमआयडीसी जळगाव यांचे उत्तर:

मी दुसरी बाजू मांडतो. मी बी.एस्सी. रसायनशास्त्र आहे आणि गेली चार वर्षे जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका चटई कारखान्यात यंत्रावर काम करतो. माझ्या शेजारच्या यंत्रावरील मित्र दहावी उत्तीर्ण आहे आणि आम्हा दोघांचा पगार सारखा आहे. त्याला कामाचा अनुभव माझ्यापेक्षा अधिक असल्याने पाळीप्रमुख तोच आधी होईल, आणि ते योग्यच आहे. पदवीची तीन वर्षे मी वर्गमित्र गेले म्हणून गेलो, एकदाही स्वतःला विचारले नाही. मला शिक्षणाचा पश्चात्ताप नाही, पण न विचारता शिकल्याचा आहे. तुम्ही विचारता आहात, त्यामुळे तुमची स्थिती माझ्यापेक्षा बरी आहे. केवळ कोणती तरी पदवी हवी म्हणून बी.एस्सी. घेऊ नये, एवढेच माझे सांगणे.

धुळ्याची ताई यांचे उत्तर:

वरील बंधूंचे म्हणणे खरे असले तरी मुलीच्या बाबतीत मला ते अपुरे वाटते. मी बारावीनंतर काम धरले, दोन वर्षांत लग्न झाले. पुढे अंगणवाडी सेविका म्हणून लागले. त्या पदाला आता किमान बारावी लागते, तेव्हा माझे शिक्षण पुरेसे ठरले. परंतु मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका) व्हायचे तर पदवी हवी. तलाठ्याच्या भरतीला पदवी हवी. राज्यसेवेचा तर प्रश्नच नाही. ज्या ज्या ठिकाणी मला पुढे सरकायचे होते, त्या प्रत्येक ठिकाणी अर्जातील एकाच रकान्याशी मी अडले.

शेवटी वयाच्या एकतिसाव्या वर्षी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश घेतला. नाशिकचे हे विद्यापीठ 1989 मध्ये नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच स्थापन झाले आणि माझ्यासारख्या असंख्य बायकांना त्याने आधार दिला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण ती तीन वर्षे कशी गेली ते सांगते. दिवसभर अंगणवाडी, संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ, आणि रात्री दहानंतर पुस्तक. परीक्षेच्या आदल्या रात्री लहान मुलगा तापाने फणफणला होता आणि मी त्याला मांडीवर घेऊन वाचत होते. जे मी एकतिसाव्या वर्षी केले ते अठराव्या वर्षी किती सोपे गेले असते, हे मला त्या रात्री समजले.

म्हणून, ताई, "नंतर शिकता येईल" असे कोणी म्हणाले तर ते खोटे नाही, पण त्या "नंतर"ची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. सहा हजारांचे काम दोन वर्षांनीही मिळेल. वेचणीच्या दिवसांविषयी आईशी आत्ताच स्पष्ट बोलून घे. प्रात्यक्षिकांचे दिवस सोडून रविवारी तू शेतात येशील, पण परीक्षेच्या पंधरवड्यात येणार नाहीस, असे ठरवून टाक. ऐनवेळी सांगितले की घरात कटुता येते.

आणखी एक गोष्ट, कारण हिच्यापायी मी चांगल्या मुलींचे प्रवेश अडलेले पाहिले आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि इतर मागासवर्गात असाल तर नॉन-क्रीमीलेअर व जातवैधता प्रमाणपत्र यांची तयारी आजच सुरू कर. जातवैधतेला वेळ लागतो. निकाल लागल्यावर सगळे एकदम सेतू केंद्रावर धावतात.

तापीकाठची यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. अमळनेरकर सर आणि ताई, तुमची उत्तरे मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवली. शुल्कमाफीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि व्यवस्थापन कोट्याचे वाक्य स्वतःच्या वहीत लिहून घेतले. काका अजून तयार नाहीत, पण त्यांनी सेवा केंद्राचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मी असे ठरवते आहे की बी.फार्म.च्या कॅप फेरीत चोपडा आणि शिरपूर हे दोन पर्याय आधी भरेन. तिथे जमले नाही तर डी.फार्म.कडे वळेन. बी.एस्सी. मी मागे ठेवले आहे, आणि ते लिहिताना मला थोडे वाईट वाटते आहे. शहादा मेडिकल यांनी काउंटरविषयी लिहिले, ते मी लक्षात ठेवीन.

जात प्रमाणपत्र आमच्याकडे आहे, पण जातवैधतेचा अर्ज कधी केलेलाच नाही. सोमवारी वडिलांसोबत चोपड्याला जात आहे. अर्जासोबत वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याखेरीज आजोबांचे कोणते पुरावे जोडावे लागतात, हे ज्यांनी अलीकडे ही प्रक्रिया केली आहे त्यांनी कृपया सांगावे. आजोबा शाळेत गेले नव्हते.