नाशिकरोड ते नागपूर, रात्रीची गाडी आणि दहा महिन्यांचं बाळ

ताई, ५ वर्षांखालच्या बाळाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. बर्थ घेतलात तर पूर्ण भाडं. तुमचा बर्थ खालचाच घ्या, पण साइड लोअर नको. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के लागतात. बाळ आतल्या बाजूला, तुम्ही कडेला.

पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका, दोन तासांत टाकून द्यावं लागतं. थर्मासमध्ये उकळतं पाणी, एकेका वेळची पावडर वेगळ्या कोरड्या डबीत. कालवल्यावर निववून, मनगटावर थेंब टाकून बघा.

नाशिकरोडला गाडी थोडाच वेळ थांबते. बाबागाडी आधीच मिटा; एकाने सामान चढवायचं, मग बाळ आत द्यायचं.

आणि बर्थच्या साखळीला साडीची झोळी कृपा करून बांधू नका. हिसक्याने गाठ सरकते, बाळ थेट खाली.