भावाला चर्चवाल्यांच्या व्यसनमुक्ती सेंटरमध्ये ठेवायचं म्हणतोय, कोणाला अनुभव आहे का?

विरारची_ताई

नमस्कार मंडळी, खूप दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय 24, डिलिव्हरीचं काम करायचा. दीड वर्षापासून एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग घेतोय हे आम्हाला दिवाळीत कळलं, म्हणजे दिसत आधीपासून होतं, आम्हीच बघत नव्हतो. दोन दोन रात्री टक्क जागा आणि तिसऱ्या दिवशी सोफ्यावर असा पडणार की घराला आग लागली तरी उठायचा नाही. झोपेत दात इतके खायचा की मला भिंतीपलीकडून आवाज यायचा, आईला वाटायचं पोटात जंत झालेत म्हणून तिने त्याला जंताचं औषध पण दिलं, आता आठवलं की हसू का रडू कळत नाही. आईची बोरमाळ गेली, बाईक गेली, मग नोकरी गेली.

आमच्या मजल्यावर एक फर्नांडिस काकू आहेत त्यांनी सांगितलं की वसईकडे चर्चच्या लोकांचं सेंटर आहे, तीन महिने ठेवतात, पैसे पण झेपतील एवढेच घेतात, मी फादरशी बोलून बघते. आई लगेच तयार. पण रविवारी आत्या आली आणि म्हणाली, व्यसन सुटेल गं पण पोरगा गळ्यात क्रॉस घालून येईल, मग काय करशील? तेव्हापासून बाबा गप्प आहेत. बाबांचं गप्प म्हणजे नाही असं समजायचं आमच्याकडे.

तर मला खरं खरं सांगा, तिथे धर्म बदलायला लावतात का, नुसत्या प्रार्थनेवर ठेवतात की औषधं वगैरे देतात, आणि मुळात या लोकांचा या कामाशी संबंध काय, म्हणजे फादर लोक यात कसे आले? तो स्वतः जायला अजून तयार नाही ते वेगळंच.


परखड_परब

प्रार्थनेने व्यसन सुटलं असतं तर देवळाबाहेर पानाची टपरी चालली नसती. कुठल्याच देवाधर्माच्या नादी लागू नका, सरळ सायकियाट्रिस्टकडे न्या. सेवा करतात ते ठीक आहे हो पण फुकट काहीच नसतं या जगात.


माजी_गर्दुल्ला

ताई, आयडी बघून कळलंच असेल. मी 92 साली पन्नी ओढायला लागलो, गर्द, ब्राऊन शुगर, म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉईन. गिरणगावात आमच्या गल्लीतली नऊ पोरं ओढायची त्यातले दोघं आज आहेत, एक मी. 2004 च्या ऑक्टोबरपासून क्लीन आहे. त्याआधी दोन वेळा सेंटरमध्ये जाऊन आलो आणि दोन्ही वेळा स्लिप झाली, म्हणजे परत घ्यायला लागलो, तिसऱ्यांदा ख्रिश्चन लोकांच्या सेंटरमध्ये गेलो आणि तिथे टिकलो. मी तेव्हाही हिंदू होतो आजही आहे, घरी गणपती बसतो दीड दिवसाचा, फादर येतात मोदक खायला.

टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, काय असते ते ज्याला लागली त्यालाच माहीत. पाय आपोआप आपटतात, नाक डोळे गळतात, हाडात कोणी स्क्रू पिळतंय असं वाटतं. माझ्या पहिल्या चार रात्री डॉक्टर होता, गोळ्या होत्या, आणि शेजारच्या खाटेवर एक सहा महिने जुना पेशंट होता ज्याचं काम एवढंच की माझे पाय धरून बसायचं. कोणी बायबल वाचून दाखवलं नाही. पाचव्या दिवशी मला उभं केलं आणि चाळीस माणसांचा कांदा चिरायला बसवला. मी मनात म्हटलं हे काय ट्रीटमेंट आहे, पण अकरा वर्षांत सकाळी उठून केलेलं ते पहिलं काम होतं. फादर स्वतः आमच्याबरोबर टोप घासायचे. साडेपाचला घंटा, योगा, नाश्ता, मग शेअरिंग, म्हणजे गोल करून बसायचं आणि आपली घाण आपल्या तोंडाने सांगायची.

सकाळी प्रार्थना असायची ती खरं. पण ती शांतीची प्रार्थना, जे बदलता येत नाही ते सोसायची ताकद दे वगैरे, ती पुण्याला मुक्तांगणमध्ये पण मराठीतून म्हणतात. रविवारी मिस्सा असायची, ज्याला जायचं तो जायचा, बाकीचे आम्ही कपडे धुवायचो.

फादर लोक यात कसे आले विचारलंत म्हणून सांगतो, अशा सेंटरांत चालते ती बारा पायऱ्यांची पद्धतच मुळात ख्रिश्चन घरातली. 1935 साली अमेरिकेत अक्रन नावाच्या गावात दोन बेवडे भेटले, एक शेअर बाजारातला बिल आणि एक सर्जन, डॉक्टर बॉब. त्यातून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट सुरू झाला. दोघं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळात जायचे, चूक कबूल करा, ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्या, दुसऱ्याला हात द्या, हे सगळं तिथलं. पण 1939 ला पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्याच देव न मानणाऱ्यांनी भांडण काढलं म्हणून त्यात 'देव, आम्हाला जसा समजला तसा' असं घातलं. माझा देव बरीच वर्षं सेंटरचा स्वयंपाकी होता, खोटं नाही सांगत. तो उठतो तर मी उठू शकतो एवढाच माझा धर्म.

नववी पायरी भरपाईची. मी बहिणीचं मंगळसूत्र विकलं होतं. क्लीन झाल्यावर दोन वर्षांनी दर महिन्याला पाचशे असे पैसे तिच्या हातावर ठेवायला लागलो, तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली दादा बास, तर स्पॉन्सर, म्हणजे मला पायऱ्यांत सांभाळणारा जुना मेंबर, मला म्हणाला, बास ती नाही म्हणणार, पैसे पुरे झाले की तू म्हणायचंस. पूर्ण फेडले.


सिस्टर_पण_नर्सवाली

परब दादा, अर्धं बरोबर बोललात. व्यसन हा आजार आहे आणि डॉक्टर पाहिजेच. पण मी पंधरा वर्षं सायकियाट्री वॉर्डात काढलीत, आमचं काम दहा-पंधरा दिवसांत संपतं आणि पेशंट त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परत जातो. तिथून पुढचं वर्ष कोण बघणार? तिथे ही सेंटरं आणि एएसारख्या मिटिंगा लागतात.

ताई, कुठलंही सेंटर असो, चर्चचं, मठाचं नाहीतर खाजगी, गेटवरच विचारा की डिटॉक्स, म्हणजे सुरुवातीला शरीरातून नशा उतरवायचं काम कोण करतं, डॉक्टर रोज येतो का आठवड्याला, रात्री फिट आली तर कुठे नेणार. दारूवाला पेशंट असेल तर हे फारच महत्त्वाचं कारण दारू एकदम तोडली की पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीव जाऊ शकतो, तेव्हा 'देवावर सोडा' म्हणणारं सेंटर असेल तर चप्पल घालून परत या. एमडीत तसं नसतं, त्याला नशेच्या जागी द्यायची बदली गोळी पण नाही, पण उतरल्यावर डिप्रेशन इतकं येतं की जीवाचं बरंवाईट करायचे विचार येतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे एकटं ठेवू नका. गर्दवाल्यांसाठी अजून एक, सेंटरमधून बाहेर आल्यावर शरीराची सवय गेलेली असते आणि पोरगा जुन्याच मापाने घेतो, मृत्यू तिथे होतात. हे पालकांना कोणी सांगत नाही.

आणि साखळदंड, मारहाण, खोलीत कोंडणं असलं काही दिसलं तर ते बेकायदेशीर आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधून ठेवायला सरळ बंदी आहे, अशा सेंटरला नोंदणी पण लागते, सर्टिफिकेट भिंतीवर आहे का बघा. मी एका ठिकाणी पाहिलंय, नाव घेत नाही, बाहेर मोठ्ठा बोर्ड प्रेम आणि सेवा आणि आत खिडकीला बांधलेला माणूस. कुठल्या धर्माचं होतं ते पण सांगत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही.

तोवर फोनवर बोलायचं तर 14446 हा सरकारचा नशामुक्तीचा नंबर आहे, आणि मनाच्या त्रासासाठी 14416.


वसईकर_मास्तर

मी स्वतः कॅथलिक, आमच्या धर्मग्रामात रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो आणि आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवतो. आत्याबाईंच्या शंकेबद्दल आधी. मुंबईत हे काम ज्यांनी उभं केलं ते फादर ज्यो परेरा, त्यांनी 1981 साली बांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. आता गंमत बघा, हे फादर पुण्याच्या योगगुरू बीकेएस अय्यंगारांचे शिष्य, सेंटरमध्ये एएच्या पायऱ्या आणि अय्यंगारांचा योग एकत्र चालवतात, 2009 ला पद्मश्री मिळाली. म्हणजे इकडे तुमच्या आत्या म्हणतात पोरगा ख्रिश्चन होईल आणि तिकडे आमच्यातले काही म्हणणार फादर योगा कसला शिकवतात. दोन्हीकडून बोलणी!

पण सगळेच असे नाहीत हेही खरं. टीन चॅलेंजसारख्या संस्था आहेत, 1958 ला डेव्हिड विल्करसन नावाचा पास्टर न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांत गेला तिथून सुरू झालेल्या, त्यांच्याकडे बायबलचा अभ्यास हाच उपचाराचा गाभा, ते लपवत पण नाहीत. ज्याला चालतं त्याला चालतं. म्हणून नुसतं 'चर्चवाले' असं म्हणू नका, दिवसाचं वेळापत्रक मागा आणि त्यात प्रार्थना ऐच्छिक की सक्तीची ते विचारा. फर्नांडिस काकू आहेत ना, त्यांनाच विचारायला लावा.

आता थोडं आमच्या घरचं. चर्चमध्ये सकाळी व्यसनाविरुद्ध प्रवचन ऐकायचं आणि दुपारी बाप्तिस्म्याच्या जेवणात दारूचं टेबल मांडायचं, ही आमची वसईची तऱ्हा. लग्नात दारू नाही ठेवली तर लोक विचारतात काय हो तब्येत बरी नाही का. फादर लोक ओरडतात, आम्ही मान डोलावतो.

शाळेतलं सांगतो. दर वर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आम्ही रॅली काढायचो, कवटीचं चित्र, ड्रग्ज म्हणजे मृत्यू, घोषणा, मग वडापाव. एकदा नववीतला एक पोरगा म्हणाला, सर एवढं वाईट असतं तर लोक घेतात कशाला? मला उत्तर देता आलं नाही. कारण आम्ही कधी सांगितलंच नव्हतं की पहिल्यांदा ते छान वाटतं, तोच तर सापळा आहे. अमेरिकेत 1983 पासून पोलीस शाळेत जाऊन असले वर्ग घ्यायचे, डेअर म्हणून, नंतर तपासलं तर वर्गात बसलेली आणि न बसलेली पोरं यांच्यात फारसा फरक सापडला नाही. आम्ही आता रॅली कमी केली. नाटक करतो, मित्राचा बर्थडे, बिल्डिंगची गच्ची, कोणीतरी पुडी काढतो, तू काय बोलशील? पहिल्यांदा सगळे हिरो, 'नाही म्हणेन सर'. मग मी मित्र होतो आणि पाच मिनिटं मागे लागतो, तेव्हा कळतं नाही म्हणणं किती अवघड आहे. एकदा एका बऱ्या झालेल्या माणसाला बोलावलं, त्याने मरणाचं काही सांगितलं नाही, आईचा प्रेशर कुकर विकला ते सांगितलं, शिट्टीसकट, आणि आई तीन महिने पातेल्यात डाळ शिजवत होती. वर्गात चिडीचूप.


बदलीवाला_बँकर

मी तीन वर्षं ऐझॉलला होतो. मिझोराममध्ये जवळजवळ सगळं राज्य ख्रिश्चन, प्रेस्बिटेरियन चर्चचा शब्द म्हणजे शेवटचा, रविवारी दुकान उघडं दिसणार नाही. चर्चच्या दबावाने 1997 ला दारूबंदी आली, 2015 ला उठली, 2019 ला परत आली. आणि तरी पलीकडे म्यानमारची बॉर्डर, हेरॉईनला तिथे नंबर फोर म्हणतात, ऑफिसातल्या लोकांच्या घराघरात कोणीतरी त्यात गेलेला. एचआयव्हीचं प्रमाण देशात तिथे सगळ्यात जास्त, सुया वाटून वापरणं हे त्यातलं एक कारण. म्हणजे धर्म घट्ट असला म्हणून नशा येत नाही असं काही नाही. पण पोरगा सेंटरमधून परत आला की चर्चमधले लोक रोज घरी जायचे, कॉयरमध्ये उभा करायचे, कोणी तोंड फिरवत नव्हतं, ते मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. आपल्याकडे सोसायटीत आधी वॉचमनला सांगतात याच्यावर लक्ष ठेव.


परखड_परब

मास्तर, कुकरचं पटलं. ताई, मी वर जरा उद्धट लिहिलं, माझा मोठा भाऊ दारूत गेला म्हणून डोकं फिरतं असलं काही वाचलं की. त्याला कुठल्याच सेंटरमध्ये नेला नाही आम्ही, लोक काय म्हणतील म्हणून.


विरारची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, परब दादा तुमचं वाचून गलबलून आलं. काल फर्नांडिस काकूंबरोबर मी आणि बाबा जाऊन आलो. सर्टिफिकेट आहे भिंतीवर. डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतो, रात्रीसाठी जवळच्या हॉस्पिटलशी बोलणं झालेलं आहे. वेळापत्रक मागितलं तर त्यांनी फळ्यावरचंच दाखवलं, प्रार्थना पंधरा मिनिटं, समोर कंसात ऐच्छिक. बाबा सगळा वेळ गप्प होते. निघताना मागच्या अंगणात बारा-पंधरा पोरं लसूण सोलत बसली होती, त्यातला एक मालवणीत काहीतरी बोलला तर बाबा थांबले, गाव विचारलं, आमच्या कुडाळच्या बाजूचाच निघाला. मग बाबा पाऊण तास तिथेच बाकड्यावर बसून.

माजी गर्दुल्ला दादा, तुमची पोस्ट मी भावाला वाचायला दिली. पूर्ण वाचली, काही बोलला नाही. रात्री विचारलंन, तिथे फोन ठेवू देतात का. मी म्हटलं नाही. मग परत तोंड फिरवून झोपला. सोमवारी सायकियाट्रीच्या ओपीडीचा नंबर लावलाय, सकाळी नऊचा, बाबा म्हणतायत मी पण येतो. तुम्ही संध्याकाळच्या मिटिंगला घरच्यांनी यायचं म्हणालात तर ती विरारजवळ कुठे भरते ते सांगाल का?


माजी_गर्दुल्ला

मी म्हणालो नव्हतो पण म्हणायला हवं होतं. घरच्यांची वेगळी मिटिंग असते. मेसेज केलाय बघा, आणि पहिल्या दिवशी बाबांना एकट्याला पाठवू नका, दारातून परत येतात बाबा लोक.