परसातली धामण राहू द्यावी, पण भिंतीवरच्या पट्टेरी सापाचे काय?

प्रश्नकर्ता: शेताकडचे घर

नमस्कार. आमचे घर शेताच्या कडेला असून मागच्या बाजूस सरपणाचा ढीग, त्यापलीकडे दगडी बांध आणि थोडे गवत आहे. गेल्या पावसाळ्यापासून या ढिगाच्या आसपास सहा-सात फूट लांबीची एक धामण दिवसाउजेडी वावरताना दिसते. आम्ही तिला हटकत नाही आणि तीही आमच्या वाटेला जात नाही.

अडचण दुसऱ्या सापाची आहे. मागच्या आठवड्यात रात्री मोरीच्या भिंतीवर, छतापासून हातभर खाली, तपकिरी अंगावर पांढरट आडवे पट्टे असलेला दोन वितींचा साप दिसला आणि मी बॅटरी घेऊन येईपर्यंत तो खिडकीच्या फटीत शिरला. धाकटा भाऊ त्याला बिनविषारी कवड्या म्हणतो, वडील मात्र ती जहाल विषारी मण्यार असल्याचे ठामपणे सांगतात आणि दोन्ही साप मारून मोकळे व्हावे असा त्यांचा आग्रह आहे. त्याच खिडकीखाली दोन दिवसांनी एक जवळजवळ अखंड कात सापडली, ती मी कागदात जपून ठेवली आहे. घरात सहा वर्षांची मुलगी असल्यामुळे वडिलांची भीती मला अनाठायी वाटत नाही. धामणीला राहू देणे शहाणपणाचे आहे काय, पट्टेरी साप नेमका कोणता हे कसे ठरवावे, आणि घराभोवती फिनेल किंवा डांबरगोळ्या टाकून उपयोग होतो काय?

उत्तर: बांधावरचा

धामणीविषयी प्रथम लिहितो, कारण तो प्रश्न सोपा आहे. धामण पूर्णपणे बिनविषारी आहे. कोंडीत सापडली तर ती मान फुगवते, घुमल्यासारखा आवाज काढते आणि चावतेही, परंतु त्या चाव्यात विष नसते. जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी इतकेच. शेपटीने डंख मारणे, गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिणे, नागाशी जुगणे या सर्व कथा खोट्या आहेत. दोन धामणी उभ्या होऊन एकमेकींना वेढे देतात तेव्हा बहुधा ते दोन नर झुंजत असतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याचे तिला संरक्षण आहे, हेही वडिलांच्या कानावर घालावे.

मात्र एक समजूत मला अधिक धोकादायक वाटते, आणि ती सापप्रेमी मंडळीच पसरवतात: धामण असेल तेथे नाग फिरकत नाही. असे काही नसते. धामणीला उंदीर हवे असतात आणि नागालाही तेच हवे असतात, शिवाय नाग प्रसंगी दुसरे सापही खातो. म्हणजे आपल्या परसात धामण टिकून आहे याचा अर्थ तेथे कोणत्याही सापाला पुरेल इतके खाद्य व आडोसा आहे. धामण हा पहारेकरी नव्हे; ती त्या जागेची खबर देते. तिला राहू द्यावे, पण सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर रचावा, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावे आणि उंदरांची बिळे बुजवावीत. उंदरांसाठी विष वापरू नये, कारण ते खाल्लेला उंदीर धामणीच्याही पोटात जातो. बागेत नायलॉनची जाळी सैल पसरलेली असेल तर तीही गुंडाळून ठेवावी. तीत अडकून साप हकनाक मरतात.

फिनेल, डांबरगोळ्या, लसूण यांपैकी कशानेही साप अडत नाही. डांबरगोळ्या तर लहान मुलांच्या हाती लागल्यास त्यांनाच अपाय करतात.

उत्तर: खवले मोजणारा

भिंतीवर चढलेला, तपकिरी आणि पट्टेरी, म्हणजे कवड्या असण्याची शक्यता बरीच आहे; तो पालींच्या मागे खडबडीत भिंती सहज चढतो. दिव्याला कीटक येतात, कीटकांना पाली येतात आणि पालींना कवड्या, अशी ही साखळी असल्यामुळे मोरीतला दिवा रात्रभर चालू राहत असेल तर तो बंद ठेवून पाहावा. परंतु केवळ चढला म्हणून कवड्या, असा निष्कर्ष काढू नये. मण्यारही क्वचित उंचावर सापडते.

रंगावरून ओळखण्याचे ठोकताळे असे: कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात व शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीचे पट्टे बहुधा बारीक, जोडीजोडीने असतात, मानेजवळ पुसट किंवा नाहीसेच असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. अंधारात, घाबरलेल्या माणसाला, हलत्या सापावर हे काही दिसत नाही. म्हणून आपल्याजवळची कात मोलाची आहे. ती कोमट पाण्यात भिजवून काचेवर सावकाश पसरावी आणि मागून उजेड धरावा. मण्यार असेल तर पाठीच्या मध्यरेषेवरची खवल्यांची रांग बाजूच्या रांगांहून स्पष्टपणे मोठी आणि षट्कोनी दिसेल, आणि शेपटीखालचे खवले एकेरी, अखंड असतील. कवड्याची मधली रांग इतर रांगांसारखीच असते आणि शेपटीखालचे खवले दुहेरी असतात. येथे दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. शेपटीखालचे दुहेरी खवले नाग आणि घोणस यांनाही असतात, तेव्हा ही कसोटी फक्त कवड्या की मण्यार एवढ्याच वादापुरती वापरावी. आणि ती कात आपण पाहिलेल्याच सापाची आहे, असे गृहीत धरू नये. कात ताणली जात असल्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते, त्यामुळे मापावरून अंदाज चुकतो.

उत्तर: जमिनीवर न झोपणारी

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरीही मी प्रश्नकर्त्याच्या वडिलांची बाजू मांडते. आमच्या घरी माझ्या सासऱ्यांना जमिनीवर झोपले असताना मण्यार चावली. त्यांना ना वेदना झाली, ना सूज आली. पहाटे पोट दुखू लागले आणि सकाळपर्यंत पापण्या उचलेनात, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाल्यामुळे ते बचावले. बिनविषारी सापांसोबत राहायचे तर हा फरक ध्यानात ठेवूनच राहावे लागते: परसातला साप ओळखता आला तर राहू द्यावा, घरात शिरलेला पट्टेरी साप मात्र सर्पमित्राने पाहीपर्यंत मण्यारच समजावा. स्वतः पकडू नये आणि मारायलाही जाऊ नये, कारण मारायला जवळ जाणाराच पुष्कळदा चावा घेऊन येतो. सर्वांनी खाटेवर झोपावे, मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचावी आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पाऊल टाकू नये. चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, वर दोरी आवळू नये. तो अवयव न हलवता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता: शेताकडचे घर

सर्वांचे आभार. कात भिजवून पाहिली. मधली रांग इतरांसारखीच आहे आणि शेपटीखाली दुहेरी खवले आहेत; वडिलांनी चष्मा लावून दोनदा मोजले आणि काही न बोलता उठून गेले. तरी तो साप पुन्हा दिसेपर्यंत आम्ही निर्धास्त राहणार नाही. मच्छरदाण्या लावल्या आहेत. ढीग हलवताना त्याखाली गांडुळासारखा एक काळा, चकचकीत जीव वळवळताना दिसला, तोही सापच काय? आणि मोरीच्या नळाला किती बारीक जाळी लावावी?

उत्तर: खवले मोजणारा

वर्णनावरून तो वाळा असावा. तो साप आहे, परंतु मुंग्या व वाळवीची अंडी आणि अळ्या खाणारा, पूर्णपणे निरुपद्रवी. जाळीची भोके सहा मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत आणि दाराखालच्या फटीलाही रबराची पट्टी लावावी, नाहीतर नळ बंद करून दार उघडे ठेवल्यासारखे होईल.