प्रतिसाद: जुनी अक्रोडाची झाडं तपासल्याशिवाय तोडू नका

काश्मीरमधली बीपासून वाढलेली जुनी झाडं काढून सरसकट 'चँडलर' या कॅलिफोर्नियातल्या अक्रोड-वाणाची कलमं लावावीत, असं ज्या लेखाला मी हे उत्तर देतोय त्यात सुचवलंय. कलमं लावाच, ती लवकर फळाला येतात. पण जुनी झाडं न तपासता तोडायला माझा ठाम विरोध आहे.

अक्रोडाचं परागीकरण वाऱ्यावर होतं. त्यात एकाच झाडावरचे नरतुरे आणि मादीफुलं बहुधा मागेपुढे तयार होतात. त्यामुळे पराग दुसऱ्या झाडाचा येतो आणि बीपासून आलेलं प्रत्येक झाड वेगळं निघतं. काश्मिरी बागायतदार हा फरक पूर्वीपासून ओळखतात: पातळ कवचाचा कागझी, मध्यम तो बुर्झुल, जाड कवचाचा वोंट. कागझी मुठीत दाबला की फुटतो आणि फिकट सोनेरी गर अखंड हातात येतो. वोंटचा गर मात्र टोकदार काहीतरी घेऊन कोरून काढावा लागतो.

नव्या वाणांच्या पैदाशीसाठी कवचापेक्षाही मोलाचं म्हणजे पालवीची वेळ. उशिरा पालवणारं झाड वसंतातल्या गोठवणाऱ्या थंडीतून वाचतं. काही झाडं शेंड्याबरोबर बाजूच्या डोळ्यांवरही (फांदीवरच्या कोंबांवर) फळ धरतात, तिथेच उत्पादन वाढतं. 'सुलेमान', 'हमदान' हे वाण काश्मीरमधल्या अशाच झाडांतून निवडलेले आहेत. आणि 'चँडलर' तरी कुठून आला? कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या गुणांच्या झाडांचा संकर करूनच; 1979 साली तो प्रसारित झाला.

कुऱ्हाड लावण्याआधी निदान दोन-तीन हंगाम पालवीची तारीख टिपा, फळं फोडून पाहा. झाड चांगलं निघालं तर आधी त्याच्या डोळकाड्या (डोळे असलेल्या काड्या) घेऊन कलमं बांधा.